कामावरच्या अपघाताची भरपाई : नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील एका वकिली कार्यालयाच्या सेवेविषयी

कामावर जखमी झालेल्या माणसासाठी चांगला वकील कोणता, हे निकाल पाहून ठरवायचे म्हटले तर वर्षानुवर्षे थांबावे लागते आणि तोवर त्या माहितीचा त्याला काही उपयोग उरत नाही. माझ्या मते ते पहिल्या बैठकीतच बऱ्यापैकी कळते. वकील आधी रकमेचा आकडा सांगतो की आधी कागद मागतो, याकडे लक्ष ठेवले तरी पुरेसे आहे. माझ्या मावसभावाने सिव्हिल लाइन्समधील ज्या कार्यालयाकडे आपले प्रकरण सोपवले आहे, तिथे कागद आधी मागितले गेले आणि आकडा सर्वांत शेवटी आला. या एका गोष्टीमुळे त्या कार्यालयाविषयी माझे मत अनुकूल झाले आणि पुढे आलेल्या काही त्रासदायक अनुभवांनंतरही ते फारसे बदललेले नाही.

कार्यालयाचे नाव मी देत नाही. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलांना जाहिरात करून पक्षकार मिळवण्यास मनाई आहे, त्यामुळे कौतुकासाठी नाव देणे योग्य नाही; आणि तक्रारींसाठी द्यावे, तर प्रकरण अजून चालू आहे. प्रकरण पुराव्याच्या टप्प्यावर असल्याने निकालाविषयीही मी काही लिहिणार नाही. सेवा कशी मिळाली, तिचे मोल काय आणि अशी सेवा घेताना काय तपासावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

मावसभाऊ हिंगणा एमआयडीसीतील एका लहान शेडमध्ये पॉवर प्रेसवर काम करीत होता. तिथे एकूण सात कामगार होते आणि एका मोठ्या कारखान्यासाठी पत्र्याचे सुटे भाग जॉबवर्कवर ठोकून दिले जात. २०२४ च्या दिवाळीनंतर त्याच्या उजव्या हाताचा अंगठा प्रेसमध्ये सापडला आणि मुळापासून गेला. त्या वेळी त्याला तीस वर्षे पूर्ण झालेली होती. पगार महिना १६,००० रुपये होता, पण तो अर्धा रोख आणि अर्धा फोन पे वरून मिळे. पगाराची स्लिप कधी मिळालीच नाही. मालकाने खासगी रुग्णालयाचे बिल भरले, वर ५०,००० रुपये हातावर ठेवले, "तुला काही कमी पडू देणार नाही" असे घरी येऊन सांगितले आणि ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर सही घेतली. त्या कागदावर, यापुढे माझी कोणतीही मागणी राहणार नाही, असा मजकूर होता. नागपूर परिसरातल्या लहान शेडमध्ये अपघात झाला की गोष्टी बहुधा याच क्रमाने घडतात, त्यामुळे त्यात नवल वाटण्यासारखे काही नाही.

या कार्यालयात जाण्याआधी आम्ही सीताबर्डीतील एका गृहस्थांना भेटलो होतो. त्यांनी कागद न पाहताच दहा लाख मिळवून देण्याची हमी दिली, फी एक रुपयाही नको म्हणाले आणि मिळणाऱ्या रकमेत तीस टक्के वाटा मागितला. हातात पैसा नसलेल्या कामगाराला असा प्रस्ताव फार सोयीचा वाटतो. परंतु निकालावर अवलंबून फी ठरवणे किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घेणे, या दोन्ही गोष्टींना बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. जो वकील पहिल्याच भेटीत आपल्या व्यवसायाचा नियम मोडायला तयार होतो, त्याच्या हाती वकीलपत्र देऊ नये, एवढे तारतम्य आम्ही ठेवले.

सिव्हिल लाइन्समधील कार्यालयाने पहिल्या सल्ल्याचे १,००० रुपये घेतले. वकीलसाहेबांचा पहिला प्रश्न होता, "पगारातून ईएसआय कटते का?" मला तो किरकोळ वाटला होता, प्रत्यक्षात सारे प्रकरण त्या एका प्रश्नावर फिरते. ज्या कामगाराला कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) लागू आहे, त्याला कामावरच्या दुखापतीसाठी मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही, कारण आमच्या अपघाताच्या वेळी लागू असलेल्या कर्मचारी राज्य विमा अधिनियम, १९४८ च्या कलम ५३ ने तो मार्ग बंद केलेला आहे. त्याने ईएसआय महामंडळाकडेच जायचे असते. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत २१,००० रुपयांपर्यंत मासिक वेतन असलेले कर्मचारी या विम्यात येतात. कामगाराच्या वेतनातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. कामावर जखमी होण्याच्या बाबतीत आधी अमुक महिने वर्गणी भरलेली असावी अशी अट नाही. नोकरीच्या पहिल्याच दिवशी अपघात झाला तरी संरक्षण मिळते. काम बंद असलेल्या काळात वेतनाच्या सुमारे नव्वद टक्के दराने लाभ मिळतो आणि कायमचे अपंगत्व आले तर वैद्यकीय मंडळ कमाईची क्षमता किती घटली ते ठरवते व त्यानुसार दरमहा रक्कम मिळत राहते. ज्यांच्या पगारातून ही कपात होते, त्यांनी सोमवारी पेठेतील कामगार विमा रुग्णालयाचा रस्ता धरावा आणि मालकाने अपघाताचा अहवाल महामंडळाला पाठवला की नाही, हे स्वतः तपासावे. अशा कामगाराकडून वकिलाने भरपाईच्या दाव्यासाठी फी घेतली, तर ती बहुतेक वाया जाते. आमच्यानंतर आत गेलेल्या वाडीच्या एका कामगाराला या कार्यालयाने नेमके हेच सांगून, फी न घेता परत पाठवले. तो बाहेर येऊन आम्हालाच विचारीत होता की साहेब केस का घेत नाहीत!

आमच्या शेडमध्ये सातच माणसे असल्याने ईएसआय लागू नव्हते. त्यामुळे कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ हा मार्ग खुला होता. हा कायदा जुना असला, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या संहितेत सामावला गेला असला, तरी त्याची रचना कामगाराच्या बाजूने आहे. मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. अपघात कामातून आणि काम चालू असताना झाला, एवढे दाखवले की जबाबदारी मालकावर येते. महाराष्ट्रात या दाव्यांसाठी कामगार न्यायालयाचे न्यायाधीशच आयुक्त म्हणून काम पाहतात. अपघातापासून दोन वर्षांच्या आत दावा दाखल करावा लागतो. सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नये. जिथे अपघात झाला तिथे किंवा कामगार जिथे राहतो तिथेही दावा करता येतो, ही तरतूद भंडारा, गोंदिया, बालाघाटकडून नागपूरला कामासाठी येणाऱ्यांना माहीत असायला हवी. जखमी होऊन गावी परतलेल्या माणसाला प्रत्येक तारखेसाठी नागपूरच्या खेपा मारण्याची गरज नाही.

त्यानंतर कागदांची पाळी आली, आणि या कार्यालयाचे खरे कौशल्य मला तिथे दिसले. मावसभावाने डिस्चार्ज कार्ड पुढे ठेवले. वकीलसाहेबांनी औषधांकडे आणि शस्त्रक्रियेच्या नोंदीकडे पाहिलेच नाही. त्यांनी दुखापतीचे कारण लिहिलेल्या ओळीवर पेन टेकवले. तिथे इंग्रजीत "घरी पडल्याने" असे लिहिलेले होते. मावसभावाला इंग्रजी येत नाही आणि घरच्यांनी ते कार्ड कधी वाचून घेतले नव्हते. रुग्णालयात त्याला घेऊन गेलेला मालकाचा माणूस होता आणि कारण त्यानेच सांगितले होते, हे उघड होते. ती ओळ तशीच राहिली असती, तर मालकाला कामावर अपघात झालाच नाही असे म्हणायला मोकळे रान मिळाले असते. वकीलसाहेबांनी त्याच दिवशी रुग्णालयाकडे दाखल असतानाच्या संपूर्ण नोंदींच्या प्रमाणित प्रतींसाठी अर्ज तयार करून दिला. प्रती आल्यावर, अपघात विभागात पहिल्या दहा मिनिटांत डॉक्टरांनी केलेल्या नोंदीत "मशीनमध्ये हात सापडला" असे स्पष्ट लिहिलेले निघाले. शुद्धीवर असलेल्या जखमीने स्वतः सांगितलेली ती गोष्ट होती. मालकाचा माणूस तोवर गाडी लावीत असावा. आज आमच्या दाव्याचा सर्वांत भक्कम कागद तोच आहे. मेडिकल वा मेयोसारखे सरकारी रुग्णालय असो वा खासगी रुग्णालय असो, जखमीच्या घरच्यांनी पहिल्याच दिवशी ही नोंद वाचून घ्यावी आणि चुकीची असेल तर लगेच लेखी हरकत द्यावी, असा सल्ला कार्यालयाने दिला. तो मी इथे जसाच्या तसा देत आहे, कारण त्यासाठी वकिलाची गरज लागत नाही.

दुसरा प्रश्न पगाराचा होता. कार्यालयाने पाठवलेल्या नोटिशीच्या उत्तरात मालकाने पगार ९,००० रुपये असल्याचे म्हटले. हे असे का म्हणतात, ते हिशेब पाहिल्यावर कळते. कायमच्या संपूर्ण अपंगत्वासाठी मासिक वेतनाच्या साठ टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात; तीस वर्षे पूर्ण असलेल्याचा गुणक २०७.९८ आहे, चाळिशीत तो १८४.१७ होतो आणि पन्नाशीत १५३.०९. वेतन कितीही असले तरी हिशेबासाठी ते १५,००० रुपयांपर्यंतच धरले जाते. ३ जानेवारी २०२० पूर्वी ही मर्यादा ८,००० रुपये होती. अंगठा गेल्यास कमाईच्या क्षमतेची घट अनुसूचीत तीस टक्के ठरवलेली आहे. म्हणजे १५,००० चे साठ टक्के ९,०००, गुणिले २०७.९८, त्याचे तीस टक्के : ५,६१,५४६ रुपये. पगार ९,००० मानला तर हीच रक्कम ३,३६,९२८ रुपयांवर येते. पगाराच्या एका खोट्या आकड्याने मालकाचे सव्वादोन लाख वाचतात. कार्यालयाने फोन पेच्या वर्षभराच्या नोंदी बँकेच्या विवरणपत्रातून काढून घेतल्या, मुनीमाच्या हजेरी वहीच्या पानाचा एका सहकाऱ्याकडे असलेला फोटो मिळवला आणि किमान वेतनाच्या अधिसूचनेवर बोट ठेवून मालकालाच पेचात पकडले. ९,००० हा आकडा खरा मानला, तर किमान वेतन न दिल्याची कबुली त्यातून आपोआप येते.

हा हिशेब वकीलसाहेबांनी आमच्यासमोर कागदावर मांडला आणि खाली लिहिले, "व्याज वेगळे." भरपाई देय झाल्यापासून महिन्याभरात दिली नाही, तर वर्षाला बारा टक्के सरळ व्याज लागते, आणि उशिराचे योग्य कारण मालकाला दाखवता आले नाही तर रकमेच्या पन्नास टक्क्यांपर्यंत दंडही होऊ शकतो. आमच्या रकमेवर व्याजच वर्षाला ६७ हजारांच्या पुढे जाते. मालकाला भरपाईचे प्रमाण मान्य नसले, तरी जेवढी रक्कम त्याला मान्य आहे तेवढी त्याने तात्पुरती जमा करायची असते. नोटिशीत त्याचीही मागणी केली गेली. याशिवाय, उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकानेच द्यायचा असतो आणि तो भरपाईत वळता होत नाही. त्यामुळे रुग्णालयाचे बिल भरून मालकाने मोठे उपकार केले, या समजुतीतून मावसभाऊ त्या दिवशी बाहेर पडला. त्याच्या चेहऱ्यावरचे ओझे उतरलेले मी पाहिले, कारण तोवर तो मालकाविरुद्ध जाणे म्हणजे खाल्ल्या मिठाला न जागणे, असेच मानत होता.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली गेली. प्रेसवर काम करणाऱ्याचा उजवा अंगठा गेला, तर तो त्या कामाला कायमचा मुकतो. मग तीस टक्केच का, असे आम्ही विचारले. अनुसूचीतल्या टक्केवारीपेक्षा प्रत्यक्ष कामावर झालेला परिणाम पाहावा, अशी भूमिका न्यायालयांनी अनेकदा घेतली आहे. सत्तरच्या दशकातील एका प्रकरणात सुतारकाम करणाऱ्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ते शंभर टक्के अपंगत्व मानले. वकीलसाहेबांनी अर्जात जास्त मागणी केली आहे, परंतु "तीस टक्क्यांचा भरवसा धरा, त्यावर मिळाले तर आनंद आहे" असे स्पष्ट सांगितले. मोठ्या आकड्याची भुरळ न घालणारा वकील मिळणे ही या सेवेतील मला सर्वांत मोलाची वाटलेली बाब आहे.

स्टॅम्प पेपरविषयीची भीती अशीच एका वाक्यात गेली. या कायद्याखालील हक्क सोडून देणारा करार कलम १७ नुसार निरर्थक ठरतो. तडजोड करायचीच असेल तर तिचे टिपण आयुक्तांकडे नोंदवावे लागते, आणि रक्कम अपुरी वाटली किंवा दबावाने सही घेतली असे दिसले, तर आयुक्त नोंदणी नाकारू शकतात. नोंदणी न केलेल्या कागदाच्या आधारे मालकाची सुटका होत नाही. मिळालेले ५०,००० रुपये लपवू नका, अर्जात लिहा, असेही आम्हाला बजावण्यात आले. त्यातले किती वळते करायचे ते आयुक्त ठरवतील. मृत्यूच्या प्रकरणात तर भरपाई आयुक्तांमार्फतच द्यावी लागते. वारसांच्या हातात परस्पर दिलेली रक्कम, तीन महिन्यांच्या वेतनाइतकी आगाऊ सोडल्यास, भरपाई म्हणून धरलीच जात नाही.

सर्वांत अवघड मुद्दा सुरक्षा गार्डचा, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून यंत्राला बसवायच्या आडोशाचा, आहे. प्रेसचा गार्ड अपघाताच्या वेळी बसवलेला नव्हता. कामगाराने मुद्दाम गार्ड काढला, किंवा तो दारूच्या अमलाखाली होता, असे मालकाने सिद्ध केले तर जबाबदारी टळू शकते. मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व असेल तेव्हाच हा बचाव चालत नाही. आमचे प्रकरण अंशतः अपंगत्वाचे असल्याने हा बचाव मालकाला उपलब्ध आहे आणि त्याने तो घेतलाही आहे. गार्ड असला की एका पाळीत माल कमी निघतो, म्हणून तो मालकाच्या सांगण्यावरून महिनोनमहिने बाजूला पडून होता, हे सांगायला एक जुना सहकारी तयार झाला. पण तो अजून त्याच शेडमध्ये कामाला आहे. त्याची साक्ष कशी व केव्हा घ्यावी, याबाबत कार्यालयाने दाखवलेली सावधगिरी मला आवडली. त्याची रोजी जाऊ नये, याचा विचार करणारा वकील विरळा.

मी स्वतः एक सूचना केली होती. शेडचा मालक लहान माणूस आहे, तेव्हा ज्या मोठ्या कारखान्याचा माल तिथे बनत होता त्यालाही प्रतिवादी करावे, असे मला वाटले. कंत्राटदाराच्या कामगाराला मूळ मालकाकडून भरपाई मागता येते, हे ऐकून होतो. वकीलसाहेबांनी कलम १२ उघडून दाखवले : ते खरे आहे, पण अपघात त्या मूळ मालकाच्या आवारात किंवा त्याच्या ताब्यातील जागेत व्हायला हवा. जॉबवर्कचा माल बाहेरच्या शेडमध्ये बनत असेल तर हे कलम लागू होत नाही. कारखान्याला गोवले असते तर प्रकरण लांबले असते आणि फीही वाढली असती. तो मोह त्यांनी टाळला. बुटीबोरीसारख्या ठिकाणी मोठ्या कारखान्याच्या आतच ठेकेदाराकडे राबणाऱ्या कामगारांना मात्र या कलमाचा पुरेपूर उपयोग आहे.

आता तक्रारी. दावा दाखल होईपर्यंत जे लक्ष मिळाले, ते दाखल झाल्यावर मिळाले नाही. तारखेची सूचना बहुतेक वेळा आदल्या संध्याकाळी कनिष्ठ वकिलाच्या मेसेजने येते, आणि रोजंदारीवर गेलेल्या माणसाला तेवढ्या वेळात सुट्टी मिळत नाही. फोन केला तर "कोर्टात आहे" एवढेच उत्तर. कायद्यात असे दावे तीन महिन्यांत निकाली काढण्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात ते होत नाही हे मान्य, परंतु तारीख का पडली एवढे पक्षकाराला कळवायला काही लागत नाही. दुसरे असे की, अर्ज आणि शपथपत्र दोन्ही इंग्रजीत तयार केली गेली. मी आग्रह धरल्यावर कनिष्ठांनी शपथपत्र मराठीत वाचून समजावले, पण ते आग्रहाशिवाय व्हायला हवे होते. उलटतपासणीत मावसभावाला त्याच शपथपत्रातल्या मजकुरावर प्रश्न विचारले गेले. न वाचता सही केली असती तर तो तिथेच अडखळला असता. तिसरे, कार्यालय दुसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. कामावर जखमी झालेल्यांची प्रकरणे घेणाऱ्या कार्यालयात पायाला प्लास्टर असलेली माणसे दोन-दोन नातेवाइकांच्या खांद्यावर जिना चढताना पाहून वाईट वाटते. खाली येऊन भेटण्याची सोय आहे, असे चौकशी केल्यावर कळले. तशी पाटी मात्र कुठे नाही.

चौथी बाब अधिक गंभीर आहे. पक्षकारांना देण्यासाठी कार्यालयाने मराठीत छापलेले एक माहितीपत्रक आहे आणि ते सुबोध आहे, पण आमच्या हाती आलेल्या प्रतीत फक्त १९२३ च्या अधिनियमाचा उल्लेख होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आहे आणि भरपाईचा व कर्मचारी विम्याचा हे दोन्ही जुने कायदे तिच्यात सामावले गेले आहेत. आमचा अपघात त्याआधीचा असल्याने आमचे काम जुन्या कायद्याप्रमाणे चालू आहे, परंतु त्यानंतर जखमी झालेल्याच्या हाती जुने पत्रक देणे योग्य नाही. घरून कामावर जाताना किंवा परतताना झालेल्या अपघाताचा संहितेत स्पष्ट समावेश आहे. जुन्या कायद्याखालीही, कामाशी वेळ, ठिकाण व परिस्थितीचा संबंध असेल तर असा अपघात कामावरच्या अपघातात मोडतो, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितले. ते प्रकरण महाराष्ट्रातल्याच, पहाटेच्या पाळीला निघालेल्या साखर कारखान्याच्या पहारेकऱ्याचे होते. पहाटे दुचाकीवरून हिंगण्याला किंवा बुटीबोरीला निघणाऱ्या हजारो कामगारांच्या दृष्टीने ही माहिती पत्रकात पहिल्या ओळीत हवी.

फीविषयी बोलायचे तर संपूर्ण प्रकरणाचे २५,००० रुपये ठरले : नोटिशीच्या वेळी, दावा दाखल करताना आणि पुरावा संपल्यावर, अशा तीन टप्प्यांत, टंकलेखन आणि प्रमाणित प्रतींचा खर्च वेगळा. पहिल्या हप्त्याची पावती मागितल्यावर मिळाली, पुढच्याची आपणहून मिळाली. ही रक्कम मला वाजवी वाटते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ती ठरवण्याआधी वकीलसाहेबांनी सांगितले होते की औद्योगिक कामगाराला, तसेच अपंग व्यक्तीला, स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. १५१०० या क्रमांकावर फोन करून किंवा जिल्हा न्यायालयातील प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन अर्ज करता येतो. स्वतःची फी सांगण्यापूर्वी फुकटचा पर्याय सांगणारा दुकानदार मी इतवारीत पाहिला नाही आणि वकिलांत हा पहिलाच. आम्ही तरीही त्यांच्याकडेच राहिलो, कारण रुग्णालयाच्या नोंदीची ती ओळ त्यांनी पकडली होती.

हे कार्यालय सर्वांसाठी आहे असे मी म्हणणार नाही. ट्रकचालक, डिलिव्हरीवाले किंवा कामासाठी रस्त्यावर असताना वाहनाच्या धडकेत जखमी झालेले यांच्यासमोर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचाही मार्ग असतो, आणि दोन्हींपैकी एकच निवडावा लागतो. न्यायाधिकरणात वेतनाची १५,००० ची मर्यादा नसल्याने रक्कम अनेकदा जास्त मिळते. मात्र तिथे मोटार वाहन कायद्याने दावा दाखल करण्यासाठी सहाच महिन्यांची मुदत ठेवली आहे. अशा प्रकरणांचा सराव असलेला दुसरा वकील शोधलेला बरा, असे या कार्यालयातच सांगितले जाते. बांधकामावर जखमी झालेल्यांनी बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडील आपली नोंदणी चालू आहे का ते आधी पाहावे, कारण कामावर मृत्यू झाल्यास नोंदित कामगाराच्या वारसांना मंडळाकडून पाच लाखांचे साहाय्य मिळते आणि ते मालकाकडच्या भरपाईपेक्षा वेगळे असते.

लहान शेडमध्ये, लाकडगंजच्या आरा मशीनवर, वर्कशॉपमध्ये किंवा ठेकेदाराकडे राबताना जखमी झालेल्या आणि हातात पगाराची स्लिप नसलेल्या कामगाराला मी हे कार्यालय सुचवीन. जाताना त्याने रुग्णालयाचा प्रत्येक कागद, बँकेचे विवरणपत्र, मोबाइलमधले कामाच्या जागेचे फोटो आणि मालकाने सही घेतलेल्या कागदाची प्रत सोबत न्यावी. फी लेखी ठरवून घ्यावी, शपथपत्र मराठीत वाचून घेतल्याशिवाय सही करू नये, आणि प्रत्येक तारखेनंतर पुढची तारीख न्यायालयाच्या फलकावरून स्वतः उतरवून घ्यावी; मेसेजची वाट पाहू नये.